चॉसर मूळ मिडल इंग्लिशमध्ये वाचताना : ‘जनरल प्रोलॉग’च्या ८५८ ओळी कोणत्या क्रमाने आणि कशा वाचाव्यात

इंग्रजी साहित्य घेऊन एम. ए. करणारे विद्यार्थी आणि मध्ययुगीन इंग्लंडवर कथा-कादंबरी लिहू पाहणारे लेखक चौदाव्या शतकातला इंग्रज कवी चॉसर याच्या ‘कँटरबरी टेल्स’कडे वळतात, तेव्हा बहुतेकांच्या हातून एकच चूक होते. डाव्या पानावर मूळ ओळ आणि उजव्या पानावर आधुनिक भाषांतर असलेली प्रत ते घेतात, डावीकडे नुसती नजर फिरवतात आणि अर्थ उजवीकडून उचलतात. महिनाभराने ‘प्रोलॉग’ (कथा सांगणाऱ्या यात्रेकरूंची ओळख करून देणारी या कथासंग्रहाची प्रस्तावना) वाचून संपलेला असतो, परंतु त्यातली एकही ओळ कानात राहिलेली नसते, आणि भाषांतरकाराने जिथे स्वतःचा अर्थ घातला तिथे तो चॉसरचाच समजून वाचक पुढे गेलेला असतो. मी स्वतः पहिली दोन वर्षे असाच वाचत होतो, म्हणून पुढचे टप्पे आग्रहाने लिहितो आहे. आधी कान, मग मोजणी, मग शब्द, मग अन्वय आणि त्यानंतरच माणसे, असा हा क्रम आहे. तो उलटा केला की काम दुप्पट होते.

तयारी : प्रत, कोश आणि वही

पहिले काम योग्य प्रत निवडण्याचे आहे. मोफत मिळणाऱ्या काही प्रतींमध्ये शब्दांचे लेखन आधुनिक करून टाकलेले असते आणि ते वाचकाच्या लक्षातही येत नाही. ओळखण्याची खूण सोपी आहे. पहिल्या ओळीचा शेवटचा शब्द एस, ओ, ओ, टी, ई किंवा एकाच ‘ओ’ने एस, ओ, टी, ई असा लिहिलेला असावा. तिथे आजच्या वळणाचा ‘स्वीट’ दिसला, तर ती प्रत बाजूला ठेवावी. १९८७ची ‘रिव्हरसाइड चॉसर’ ही आवृत्ती अभ्यासासाठी सर्वांत सोयीची आहे, कारण बहुतेक समीक्षक तिच्याच ओळ-क्रमांकांनी संदर्भ देतात. ती मिळत नसेल तर स्कीट या संपादकांची जुनी आवृत्ती इंटरनेटवर मोफत वाचता येते. हार्वर्ड विद्यापीठाच्या संकेतस्थळावर ओळीखाली ओळ अशी आधुनिक इंग्रजी दिलेली आहे. ती उपयोगी आहे, पण तिसऱ्या टप्प्याआधी उघडू नये.

कुठलीही एकच प्रत शेवटपर्यंत वापरावी. ‘हेंगर्ट’ आणि ‘एल्समीअर’ या दोन प्रमुख हस्तलिखितांच्या लेखनात फरक आहेत, आणि संपादक कोणाला प्रमाण मानतो त्यानुसार शब्दांची रूपे थोडी बदलतात. दोन प्रती मिसळल्या तर अक्षरांची मोजणी चुकते.

कोशासाठी मिशिगन विद्यापीठाचा ‘मिडल इंग्लिश डिक्शनरी’ हा प्रकल्प मोफत उपलब्ध आहे. आजच्या इंग्रजीचा कोश या कामाला नुसता अपुरा पडतो असे नाही, तर तो वाचकाला चुकीच्या अर्थाकडे नेतो. याशिवाय एक मोठी वही घ्यावी. तिच्या डाव्या पानावर देवनागरीत उच्चार आणि उजव्या पानावर शब्दार्थ लिहावेत.

*इशारा :* चॉसरच्या भाषेला ‘ओल्ड इंग्लिश’ म्हणू नये. ओल्ड इंग्लिश ही त्याच्या कित्येक शतके आधीच्या ‘बेओवुल्फ’ या वीरकाव्याची भाषा आहे, आणि तिचे विभक्तिप्रत्यय संस्कृतसारखे स्वतंत्रपणे शिकावे लागतात. चॉसर १४००मध्ये वारला. त्याची मिडल इंग्लिश आजच्या वाचकाला मेहनतीने, पण थेट वाचता येते.

टप्पा १ : पहिल्या १८ ओळी देवनागरीत उतरवून काढा

इथे मराठी वाचकाकडे एक मोठे साधन तयारच आहे आणि बहुतेक जण ते वापरत नाहीत. साधारण १४०० ते १७०० या काळात इंग्रजीतील दीर्घ स्वर सरकले, पण लेखन बरेचसे जुनेच राहिले. आजच्या इंग्रजीत लिहिणे आणि बोलणे यांची ताटातूट होण्याचे हे एक मोठे कारण आहे. चॉसर या स्थित्यंतराच्या आधीचा असल्यामुळे त्याच्या भाषेत जवळजवळ जसे लिहिले तसे वाचायचे असते. आजचा ‘टाइम’ तिथे ‘टीम’ आहे, ‘हाउस’ हा ‘हूस’ आहे, ‘मून’ हा ‘मोन’ आहे आणि ‘नेम’ हा ‘नाम’ आहे. ‘नाइट’ या शब्दातला सुरुवातीचा ‘क’ आणि मधला घशातून घासत येणारा ‘ख’ हे दोन्ही उच्चारले जातात, म्हणून तो ‘क्निख्ट्’ असा होतो. ‘हाफ’ आणि ‘फोक’ या शब्दांत आज लुप्त झालेला ‘ल’ तिथे स्पष्ट ऐकू येतो : ‘हाल्फ्’, ‘फोल्क्’. ‘र’ मराठीसारखा जिभेने थरथरवायचा आहे, त्यासाठी आपल्याला वेगळा सराव लागत नाही.

लिहिताना एकच नियम कसोशीने पाळावा. जो व्यंजनान्त उच्चार आहे तिथे अक्षराचा पाय मोडावा, आणि शब्दाच्या शेवटी ‘ई’ हे अक्षर लिहिलेले असून ते उच्चारायचे आहे तिथे पाय न मोडता पूर्ण अक्षर लिहावे. या अंत्य ‘ई’चा उच्चार आपल्या ‘अ’सारखाच आहे. पहिल्या दोन ओळी अशा उतरतील :

ह्वान् दाट् आप्रिल् विथ् हिस् शूरस् सोट
द द्रूख्ट् ऑफ् मार्च् हाथ् पेर्सड् टो द रोट

‘सोट’ आणि ‘रोट’ वाचताना शेवटचा ‘ट’ पूर्ण म्हणायचा आहे, ‘सोट्’ नव्हे. बोलताना आपण ‘फूल्’ म्हणतो, पण अक्षरगणवृत्तात त्याच शब्दाची ‘फू-ल’ अशी दोन अक्षरे मोजतो. चॉसरच्या अंत्य ‘ई’चे अगदी तसेच आहे. ज्याने शाळेत वृत्ते म्हटली आहेत, त्याला ही गोष्ट समजावून सांगावी लागत नाही.

*तपासणी :* यमक जुळते का ते पाहा. तिसऱ्या आणि चौथ्या ओळीच्या शेवटी आजचे ‘लिकर’ आणि ‘फ्लॉवर’ हे शब्द आहेत, ते जुळत नाहीत. चॉसरचे ‘लिकूर्’ आणि ‘फ्लूर्’ चपखल जुळतात. पाचव्या-सहाव्या ओळीतले ‘ब्रेथ्’ आणि ‘हेथ्’ हेही तसेच. तुमच्या वहीत एखादी जोडी जुळत नसेल, तर तिथे आजचा उच्चार नकळत शिरला आहे असे समजून दुरुस्त करावे.

टप्पा २ : अक्षरे मोजा

हा टप्पा कंटाळवाणा वाटून सोडून दिला जातो, आणि माझ्या मते सर्वाधिक नुकसान इथेच होते. चॉसरच्या ओळीत साधारण दहा अक्षरे आणि पाच आघात असतात. ओळ अंत्य ‘ई’ने संपत असेल तर अकरावे, हलके अक्षर येते. सातवी ओळ घ्या. कोवळे कोंब आणि तरुण सूर्य यांचा उल्लेख असलेली ही ओळ आजच्या उच्चारांनी वाचली तर तिच्यात आठच अक्षरे भरतात आणि ती लंगडते. तीच देवनागरीत अशी मोजा : द – टेन् – ड्र – क्रॉ – पस् – आन्ड् – द – युं – ग – सुन् – न. अकरा अक्षरे झाली. दुसऱ्या, चौथ्या, सहाव्या, आठव्या आणि दहाव्या अक्षरावर आघात आला. आठ आणि अकरा यांच्यातला हा फरक निव्वळ अंत्य ‘ई’ आणि अनेकवचनाचा प्रत्यय यांनी भरून काढलेला आहे.

अंत्य ‘ई’ सगळीकडे मात्र उच्चारायची नसते. पुढचा शब्द स्वराने किंवा दुबळ्या ‘ह’ने सुरू होत असेल तर ती लुप्त होते. दुसऱ्या ओळीत ‘दुष्काळ’ या अर्थाचा शब्द लिहिताना शेवटी ‘ई’ आहे, पण पुढे ‘ऑफ्’ आल्यामुळे तो ‘द्रूख्ट्’ असाच म्हणायचा. आपल्या संधीची सवय इथे कामी येते. ओळीच्या शेवटची ‘ई’ मात्र राखावी.

फ्रेंचमधून आलेल्या शब्दांचा आघात बहुधा शेवटाकडे असतो. ‘लिकूर्’मध्ये जोर ‘कू’वर आहे, ‘नाटूर्’मध्ये ‘टू’वर. आजच्या सवयीने पहिल्या अक्षरावर जोर दिला की ओळ अडखळते.

*इशारा :* काही ओळी सुरुवातीच्या हलक्या अक्षराविना, थेट आघाताने सुरू होतात. पहिलीच ओळ तशी वाचता येते. त्यामुळे पहिल्याच ओळीवर मोजणी बसत नाही म्हणून निराश होऊ नये. दुसरीपासून मोजायला सुरुवात करावी आणि नंतर पहिलीकडे परत यावे.

टप्पा ३ : ओळखीचे दिसणारे शब्द आधी तपासा

अनोळखी शब्दांचा धोका नसतो, कारण ते आपण कोशात पाहतोच. फसवणूक होते ती ओळखीच्या शब्दांनी. पहिल्या १८ ओळींतच असे अर्धा डझन शब्द आहेत. चौथ्या ओळीतला ‘व्हर्ट्यू’ म्हणजे सदाचार नव्हे. ‘औषधाने गुण आला’ असे आपण म्हणतो त्यातला गुण, म्हणजे अंगची शक्ती, असा त्याचा अर्थ आहे; पावसाच्या ओलाव्याच्या त्या गुणाने फूल उमलते. तो ओलावा म्हणजेच ‘लिकूर्’, त्याचा मद्याशी संबंध नाही. ‘करेज’ म्हणजे धैर्य नसून हृदय, आणि ‘इन्स्पायर’ म्हणजे शब्दशः फुंकर घालून श्वास भरणे. ‘स्ट्रेंज’ म्हणजे परका, परदेशचा. ‘फर्न’सारखा दिसणारा शब्द झाडाचा नाही, तो ‘दूरचा’ या अर्थाचा आहे.

पुढे गेल्यावर ‘क्लार्क’ भेटतो. मराठीत लिहिणाऱ्यांनी त्याचा ‘कारकून’ केलेला मी वाचला आहे. तो ऑक्सफर्डमधला गरीब, पुस्तकवेडा विद्यार्थी आहे. नांगऱ्याच्या वर्णनातले ‘कॅटल’ म्हणजे गुरेढोरे नसून मालमत्ता आहे, मठवासीयाच्या वर्णनात ‘वुड’ म्हणजे लाकूड नसून वेडा, आणि जेवणाच्या संदर्भात येणारे ‘मीट’ म्हणजे कोणतेही अन्न. ‘नाइस’ हा शब्द चॉसरमध्ये कुठेही आला तर आधी ‘मूर्ख’ हा अर्थ लावून पाहावा.

सर्वनामांची एक छोटी यादी वहीच्या पहिल्याच पानावर लिहून ठेवावी. ‘हेम्’ म्हणजे त्यांना. ‘हिर्’ म्हणजे तिचे किंवा त्यांचे, संदर्भाने ठरवायचे. ‘हिस्’ हे निर्जीव वस्तूंनाही लागते. पहिल्या ओळीतल्या सरी या एप्रिलच्या सरी आहेत.

*इशारा :* नकार जितके जास्त तितका नकार पक्का, असा चॉसरचा नियम आहे. सरदाराच्या वर्णनात, ओळ ७० आणि ७१मध्ये, एका विधानात चार नकार आहेत. शाळेत शिकलेल्या नियमाने दोन नकारांचा होकार करू नये. त्याने आयुष्यात कधीही, कोणाशीही, एकही अभद्र शब्द उच्चारला नाही, एवढाच अर्थ तिथे आहे.

टप्पा ४ : अन्वय लावा

पहिल्या १८ ओळी मिळून एकच वाक्य आहे. ते ओळीगणिक तोडून वाचणे ही नेहमीची चूक आहे. संस्कृत किंवा जुन्या मराठी काव्याचा अन्वय जसा लावतो, तसाच इथे कागदावर लावावा. सांगाडा ‘जेव्हा... जेव्हा... तेव्हा’ असा आहे, आणि तो मराठीला अगदी सहज पेलतो. पहिला ‘जेव्हा’ पहिल्या ओळीत, दुसरा पाचव्या ओळीत, आणि ‘तेव्हा’ थेट बाराव्या ओळीत येतो. मुख्य क्रियापदही तिथेच आहे : तेव्हा लोकांना यात्रेला निघण्याची ओढ लागते. सोळाव्या ओळीपर्यंत कँटरबरीचे नाव येत नाही, आणि ज्याच्या दर्शनाला जायचे तो हुतात्मा, म्हणजे ११७०मध्ये तिथल्याच कॅथेड्रलमध्ये मारला गेलेला थॉमस बेकेट, सतराव्या ओळीत येतो. ही वाट पाहायला लावणे हीच या वाक्याची रचना आहे, आणि भाषांतरात ती बहुधा मोडते.

दुसऱ्या ओळीतला कर्ता कोण, हे वहीत स्पष्ट लिहा. ‘मार्चच्या दुष्काळाने मुळांना भेदले’ असा अर्थ अनेक जण घेतात. कर्ता पहिल्या ओळीतला एप्रिल आहे, आणि दुष्काळ हे क्रियापदाच्या आधी आलेले कर्म आहे. एप्रिलने आपल्या गोड सरींनी मार्चच्या कोरडेपणाला मुळापर्यंत भेदले. मराठीत कर्म क्रियापदाच्या आधीच येते, त्यामुळे इंग्रजीच्या सवयी थोड्या वेळ बाजूला ठेवल्या की आपल्याला ही ओळ अवघड जाऊ नये.

एक खास आपल्यासाठीचा इशाराही इथेच देतो. आठव्या ओळीत सूर्य मेषेत अर्धी वाटचाल करून गेल्याचे म्हटले आहे. पंचांगाची सवय असलेला वाचक मेष संक्रांत १४ एप्रिलच्या सुमारास धरतो आणि प्रसंग एप्रिलअखेरीस नेतो. चॉसरची गणना सायन, म्हणजे वसंतसंपातापासून मोजलेली आहे, आणि त्याच्या काळच्या ज्युलियन कॅलेंडरनुसार सूर्य १२ मार्चच्या सुमारास मेषेत जात असे. मेषेचा पूर्वार्ध मार्चमध्ये आणि उत्तरार्ध एप्रिलमध्ये पडत असल्यामुळे, एप्रिलमधली ही ‘अर्धी वाटचाल’ उत्तरार्धाची धरली जाते.

*तपासणी :* पुस्तक मिटून या १८ ओळींचा आशय मराठीत एकाच वाक्यात सांगता आला पाहिजे. मध्येच पूर्णविराम द्यावा लागला, तर अन्वय अजून बसलेला नाही.

टप्पा ५ : ‘तू’ आणि ‘तुम्ही’ यांवर खूण करा

आजच्या इंग्रजीत हा भेद उरला नसल्यामुळे भाषांतरातून तो पूर्ण नाहीसा होतो. मराठी वाचकाने तो हातचा घालवू नये. ‘प्रोलॉग’च्या शेवटी पहिली कथा कोणी सांगायची हे ठरवण्यासाठी खानावळीचा मालक चिठ्ठ्या काढायला सांगतो, तेव्हा मठाच्या प्रमुख साध्वीला, म्हणजे प्रायोरेसला, तो ‘कुमथ्’ म्हणतो. हे आदरार्थी आज्ञार्थाचे रूप आहे, आपले ‘या’. लाजऱ्या विद्यार्थ्यालाही तो ‘तुम्ही’ म्हणतो. हाच मालक पुढे एका ठिकाणी यात्रेकरू म्हणून सामील झालेल्या चॉसरकडे वळतो आणि ‘तू कोण रे बाबा, ससा शोधत असल्यासारखा सारखा जमिनीकडे बघतोस’ अशा थाटात थेट ‘तू’वर येतो. कवीने स्वतःला त्या मंडळीत कुठे बसवले आहे, हे या एका सर्वनामाने कळते.

हा भेद यांत्रिकपणे लावू नये. एकाच बोलण्यात माणूस ‘तुम्ही’वरून ‘तू’वर घसरतो, आणि अशा जागी राग, सलगी किंवा उपहास यांपैकी काय आहे ते पाहावे लागते.

टप्पा ६ : व्यक्तिचित्रे या क्रमाने घ्या

सलग ८५८ ओळी पहिल्याच वाचनात घेऊ नयेत. सुरुवातीच्या १८ ओळींनंतर सरदार (४३ ते ७८), मग प्रायोरेस (११८ ते १६२), मग बाथची बाई (४४५ ते ४७६), मग गिरणीवाला (५४५ ते ५६६) असा क्रम ठेवावा. सरदाराच्या ओळी सरळ आहेत. प्रायोरेसच्या ओळींत शब्द एक सांगतात आणि तपशील दुसरेच सांगतात. गिरणीवाल्याची भाषा अंगावर येणारी आहे. त्याच्या नाकावरच्या चामखिळीवर डुकरिणीच्या कानांतल्या राठ केसांसारखा लाल केसांचा झुबका आहे. रोज एक चित्र, आणि प्रत्येक चित्राला पहिले दोन टप्पे मोठ्याने म्हणून पुन्हा लावायचे. मोबाइलवर स्वतःचा आवाज रेकॉर्ड करून ऐकावा. गळलेली अंत्य ‘ई’ लगेच पकडता येते. हे झाल्यावर सगळा ‘प्रोलॉग’ सुरुवातीपासून वाचावा.

या टप्प्यावरची चूक म्हणजे निवेदकाची स्तुती जशीच्या तशी स्वीकारणे. त्यासाठी ‘वर्दी’, म्हणजे थोर किंवा लायक, या एका शब्दाखाली सगळीकडे रेघ मारत जा. सरदार ‘वर्दी’ आहे हे पटते. मग भिक्षा गोळा करीत फिरणारा फ्रायर ‘वर्दी’, कर्जात असलेला व्यापारी ‘वर्दी’, बाथची बाईही ‘वर्दी’ ठरते. पाचव्या-सहाव्या वेळी तो शब्द वाचताना त्याचे वजन बदललेले जाणवते, आणि निवेदक व कवी हे एक नव्हेत हे कोणत्याही टिपेशिवाय समजते.

टप्पा ७ : कादंबरीसाठी नोंदी घेत असाल तर

नोंद वस्तूची आणि कृतीची घ्यावी, विशेषणाची नको. सरदाराच्या जाड्याभरड्या अंगरख्यावर चिलखताच्या गंजाचे डाग पडलेले आहेत. तो नुकताच मोहिमेवरून परतला आहे हे त्या डागांवरून कळते. प्रायोरेस बोटे रश्शात खोल बुडवत नाही, आणि वरचा ओठ इतका स्वच्छ पुसते की पिऊन झाल्यावर पेल्यात तुपकटपणाचा ठिपकाही तरंगत नाही. या चारसहा ओळींतून मेजावर काटे नव्हते, पेला शेजाऱ्याबरोबर वाटून घेण्याची शक्यता होती आणि बोटांचा शिष्टाचार हीच कुलीनतेची खूण होती, एवढे सगळे हाती लागते. त्याच पानावर तिच्या लहान कुत्र्यांना भाजलेले मांस, दूध आणि उंची पांढरा पाव मिळतो, तेही लिहून ठेवावे.

परंतु हे उपहासपर चित्रण आहे, जनगणना नव्हे. फ्रायर लबाड आहे म्हणून सगळे फ्रायर लबाड होते असे कादंबरीत गृहीत धरू नये.

मराठीत लिहिणाऱ्यांसाठी आणखी एक सूचना. आपल्या ऐतिहासिक कादंबरीची दरबारी भाषा फारसी शब्दांवर उभी आहे. मुजरा, हुजूर, फर्मान हे शब्द लेखणीत आपोआप येतात, पण चौदाव्या शतकातल्या इंग्लिश सरदाराच्या तोंडी ते दख्खनचे वातावरण घेऊन येतात. तिथे साधी, किंचित जुन्या वळणाची मराठी आणि ‘तू-तुम्ही’चा काटेकोर वापर अधिक काम करतो.

यानंतर काय वाचावे

‘प्रोलॉग’ झाल्यावर लगेच ‘सर गवेन अँड द ग्रीन नाइट’ उचलण्याचा मोह होतो. ते काव्य त्याच शतकाचे असले तरी वायव्य मिडलँड्सच्या बोलीतले आहे आणि त्याचे छंदाचे गणित निराळे आहे. तिथल्या लांब ओळी अक्षरसंख्येवर आणि यमकावर बांधलेल्या नसून आद्यव्यंजनाच्या अनुप्रासावर बांधलेल्या आहेत. यमक फक्त प्रत्येक कडव्याच्या शेवटच्या आखूड ओळींत येते. म्हणून दुसऱ्या टप्प्यातली मोजणी तिथे लावू नये. त्याऐवजी ओळीत कोणते व्यंजन तीनदा येते ते शोधून त्याखाली खूण करावी. शिवाय मूळ लेखन जपणाऱ्या प्रतींमध्ये ‘थॉर्न’ आणि ‘योख’ ही दोन जुनी अक्षरे तशीच छापलेली असतात, ती वहीच्या पहिल्या पानावर आधी गिरवून घ्यावीत. मध्ये चॉसरचीच ‘नन्स प्रीस्ट’ने सांगितलेली कोंबडा-कोल्ह्याची कथा वाचली तर उत्तम, कारण तिचा विषय ओळखीचा आहे आणि आतापर्यंत जमवलेला उच्चार तिथे पक्का होतो.